चौकटीबाहेरून आलेल्या हाताची बखर

श्रीगजानन बुद्धी देवोत, शारदा जिभेवर राहोत, ऐकणारांस उसंत असो आणि सांगणाराकडून एक अक्षर अधिक-उणे न होवो. शके सत्राशे चौऱ्याण्णव, अंगिरानाम संवत्सरी, डोंगर आणि नदी यांचे मध्ये एक राज्य होते, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्या राज्याचे महाराज कैलासवासी जाहले, युवराज तीन वर्षांचे, म्हणोन मुखत्यारी आईसाहेबांकडे आली, आणि आईसाहेबांनी पहिल्याच दरबारी आज्ञा केली की, कारभारी आजवर गादीने नेमिला, यापुढे रयतेने नेमावा. दर पाच वर्षांनी रयतेचा कौल घ्यावा, आणि ज्यास कौल अधिक त्याने कारभार करावा. मग मानकरी बोलिले, "कौल कोणी द्यावा?" आईसाहेब बोलिल्या, "जो या राज्याचे मीठ खातो आणि वयाने एकवीस पुरा आहे, त्याने." मानकरी बोलिले, "आणि बायकांनी?" तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, "का? बायका अळणी जेवतात काय?" मग रीत ऐसी ठरली की, प्रत्येक माणसास शिक्का उठवलेली एकेक चिठी घरपोच द्यावी, चावडीत दोन मोठी मडकी मांडावी, एकास लाल कापड गुंडाळिलेले आणि दुसऱ्यास पिवळे, आणि ज्याचे मन जिकडे त्याने तिकडे चिठी टाकावी. लाल मडके सर्जेराव दुमाले यांचे. हे बारा वर्षे कारभारी होते, बोलणे गोड आणि स्मरण दांडगे. पिवळे मडके राणोजी सातपुते यांचे; हे घोडदळाचे सरदार, अंगाने भव्य, आवाज ऐसा की हळू बोलिले तरी वेशीबाहेर ऐकू यावे. मग दोघेही मुलूख फिरू लागले, आणि ज्यांनी रयतेचे तोंड कधी पाहिले नव्हते ते घरोघर ओट्यावर बसू लागले, पोरांची नावे पुसू लागले आणि ताक मागून पिऊ लागले.

त्या नगरात तिमाजीपंत निगुडकर म्हणोन गृहस्थ होते. वाड्याच्या पाठशाळेत व्याकरण सांगत. वय पन्नास, शरीर कृश, उपरण्याची घडी कधी मोडली नाही आणि बोलण्यात कधी चूक निघाली नाही. मुली दोन, त्या सासरी नांदत होत्या. घरी आपण आणि स्त्री सरसाबाई, इतकेच. त्याच नगरात भाजीबाजारामागल्या बोळात आवडाबाई चितारीण राहत असे. तिच्या सासऱ्याची पिढी लग्नघरच्या भिंती रंगवीत आली. नवरा वारल्यावर तिने छापायची शिळा आणिली, आणि कौलाचा हंगाम आला तैसे ती दर गुरुवारी एक चित्र छापून बाजाराच्या वेशीला डकवू लागली. पहिले चित्र डकविले त्या दिवशी बाजार ऐसा हसला की हसण्याचा आवाज वाड्यात गेला. आईसाहेबांनी चित्र हुजूर आणविले, बहुत वेळ न्याहाळिले, आणि म्हणाल्या, "यात हसण्यासारखे काय आहे? कारभारी रयतेपुढे वाकून हात जोडीत आहेत, ही तो विनयाची गोष्ट." दुमाले तेथेच होते, तेही म्हणाले, "होय सरकार, सेवकाचा विनयच दाखविला आहे." तिमाजीपंत युवराजांची पाटी घेऊन तेथे आले होते. त्यांस राहवले नाही, म्हणोन मुजरा करून बोलिले, "सरकार, वाकलेल्या माणसाकडे पाहू नये, त्याच्या सावलीकडे पाहावे. माणूस वाकला आहे, सावली ताठ उभी आहे, आणि सावलीच्या हाती आसूड आहे. हात जोडणे हे कौल पडेतोवरचे, आणि सावली हे कौल पडल्यानंतरचे." आईसाहेबांनी पुन्हा पाहिले, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग पुसिले, "तुम्हांस हे कैसे उमगले?" पंत म्हणाले, "प्रमाणाबाहेर मोठे काय काढिले ते आधी पाहावे. मग लहान काय ते पाहावे. मग जे जैसे असावे तैसे कोठे नाही ते शोधावे. चितारी माणूस उगाच चूक करीत नाही. जेथे चूक दिसते तेथेच त्याचे बोलणे असते." आईसाहेब प्रसन्न जाहल्या आणि त्याच दिवशी तिमाजीपंतांस चित्रार्थी ही पदवी आणि शाल दिली, आणि हुकूम लिहविला की, या राज्यात चित्राचा अर्थ चित्रार्थी सांगतील तोच धरावा. दुमाले यांनीही पंतांचे कौतुक केले. परंतु त्या दिवसापासून हात जोडताना ते आपली सावली कोणीकडे पडते हे पाहू लागले.

पुढल्या गुरुवारी दुसरे चित्र आले. सातपुते सरदारांनी गावोगाव सांगितले होते की, पिवळ्या मडक्यास कौल द्या, प्रत्येक गावास तळे बांधून देतो. चित्रात मोठे तळे होते, काठी माणसे ओंजळ करून वाकली होती, आणि सरदार घोड्यावर बसून हात पसरून दाखवीत होते. पंत हुजूर सांगू लागले की, "तळ्याच्या कडेस शिवण आहे सरकार, तळे कापडाचे आहे, आणि चारी कोपरे खुंट्यांस बांधिले आहेत, उद्या खुंट्या काढिल्या की तळे घडी करून पुढल्या गावी नेता येते." दरबार हसला. पंत पुढे बोलिले, "आणि चितारीण रयतेसही सोडीत नाही. पन्नास माणसे ओंजळ करून वाकली, त्यात एक म्हातारी तेवढी कापड बोटांनी चाचपून पाहते." आता पंतांची कीर्ती ऐसी जाहली की ते रस्त्याने निघाले तर लोक थांबवून पुसत, "पंत, या गुरुवारचे काय?" आणि पंत उभ्या उभ्या अर्थ सांगत. मनात त्यांस वाटू लागले की, डोळे सर्वांस आहेत, परंतु पाहणे आपणासच येते. घरी सरसाबाई कधी म्हणाल्या, "मला पण दाखवा की चित्र," तर पंत म्हणत, "दाखवीन, आणि अर्थही सांगेन," आणि दोन्ही राहून जाई. मग कार्तिक वद्य पंचमीस कौल जाहला, आणि लाल मडक्यात चिठ्या अधिक निघाल्या, आणि दुमाले कारभारी कायम जाहले, आणि पिवळ्या मडक्याचे लोक कुरकुरत आपापल्या घरी गेले.

त्याउपरी पौष मासी, जेव्हा कोणाच्या ध्यानीमनी कौल उरला नव्हता, तेव्हा आवडाबाईने एक चित्र डकविले. चित्रात चावडी, चावडीत मडके, आणि मडक्यापुढे माणसांची लांब रांग. त्यांच्या बोटांची चिमूट ऐसी जणो चिठी धरिली आहे, परंतु चिमटीत चिठी नाही. आणि चित्राच्या चौकटीबाहेरून एक हात आत आला होता, रांगेतल्या कोणाही माणसाहून मोठा, मूठभर चिठ्या घेऊन मडक्यावर धरिलेला. हाताला मनगटामागे काही नव्हते. धड नाही, तोंड नाही, बाहीचा रंगही नाही. या चित्रास बाजार हसला नाही. लोक पाहून पुढे जात, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन पाहत. दुमाले यांनी ते ऐकिले आणि दरबारात उभे राहून बोलिले, "सरकार, सेवकाने कौल चोरला ऐसा हा आळ आहे. कायदा आहे की, कारभाऱ्यावर खोटा आळ घेईल त्याची शिळा फोडावी आणि त्यास राज्याबाहेर घालावे. चित्रार्थी यांनी दरबारात सांगावे, हात कोणाचा." आईसाहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. आवडाबाईच्या दारी दोन शिपाई बसविले, आणि शिळेवर गोणपाट टाकून मोहोर केली. राज्याबाहेर तिचे कोणी नव्हते. सासू आंधळी, ती घरी.

मग दुसरे दिवशी दुमाले यांचा माणूस पंतांकडे आला आणि गोड बोलिला, "पंत, हात घोडदळातल्या माणसाचा दिसतो. लगाम धरून धरून बोटे कैसी जाड जाहली आहेत पाहा. सातपुत्यांचा हात आहे ऐसे सांगितले तर चितारीण सुटेल, आणि कारभारी म्हणत होते की पंतांस पालखीचा मान केव्हाच मिळावयास हवा होता." तो गेला तोवर सातपुत्यांचा भाचा आला आणि म्हणाला, "पंत, हात कारभाऱ्याचाच, हे शेंबड्या पोरासही कळते. आपण तैसेच सांगावे." पंत म्हणाले, "तैसे सांगितले आणि पुरावा निघाला नाही, तर त्या बाईस देशोधडीस लावतील." भाचा म्हणाला, "लावतील, परंतु कारभाऱ्याचे तोंड काळे होईल. एवढ्या मोठ्या मसलतीत एक चितारीण गेली तर काय?" पंतांनी दोघांसही पान दिले आणि कोणासही होकार दिला नाही. मग उपरणे घेऊन आवडाबाईच्या घरी गेले. शिपायांनी वाट दिली. आवडाबाई सासूस पेज भरवीत होती, ती उठली नाही. पंत म्हणाले, "बाई, अर्थ मी लावणार, परंतु तू काढिले आहेस. हात कोणाचा ते मला सांग, म्हणजे तुला वाचविता येते का ते पाहतो." आवडाबाई म्हणाली, "पंत, मागल्या खेपांना इचारायला नाही आलात." पंत म्हणाले, "तेव्हा कळले होते." ती म्हणाली, "मग या खेपेलाबी कळेल. मी तोंडानं सांगू लागले तर चित्र कशाला काढलं?" आणि पेजेची वाटी पुसून दुसरीकडे वळली. म्हाताऱ्या सासूने मात्र विचारले, "कोण आलंय गं? शिळा न्यायला आलेत का?" तेव्हा पंत तैसेच मागे फिरून बाहेर आले.

त्याउपरी पंत बाजाराच्या वेशीशी जाऊन, उपरणे डोईवरून घेऊन, चित्राच्या बाजूस उभे राहिले आणि लोक काय बोलतात ते ऐकू लागले. आजवर लोकांस अर्थ सांगितला होता. लोकांचा अर्थ ऐकण्याची ही पहिलीच वेळ. एक तेली आला, म्हणाला, "कारभाऱ्याचा हात." त्याच्या मागून एक शिलेदार आला, म्हणाला, "छट, आमच्या पाटलाचा. सगळ्या वाडीच्या चिठ्या त्यानंच नेल्या." मग एक बांगड्या विकणारी कासारीण आली, टोपली उतरून चित्रापुढे उभी राहिली, आणि आपल्याशीच म्हणाली, "हा तर आमच्या घरच्याचा हात." पंत पुढे होऊन बोलिले, "बाई, तुझ्या घरच्यांचा कैसा? ते काय सरदार आहेत?" ती म्हणाली, "सरदार कशाचे! मी चिठी पदराला बांधून ठेवली होती. म्हणाले, आण इकडे, तुला गर्दीत काय कळतं. सासूची घेतली, जावेची घेतली, अन् चार चिठ्या एका मुठीत घेऊन गेले. बघा की, मूठ तशीच आहे." पंतांनी पाहिले. रांगेत एकूण अठरा माणसे होती आणि त्यात तेरा बायका होत्या. पंतांनी हे चित्र चाळीस वेळा पाहिले असेल, परंतु रांगेतल्या माणसांस रांग म्हणोनच पाहिले होते.

पंत घरी आले तो दुपार कलली होती आणि सरसाबाई परसात वाल सोलीत बसल्या होत्या. पंत जोत्यावर बसले आणि म्हणाले, "अगो, कौलाच्या दिवशी तुझी चिठी..." इतके बोलून थांबले. सरसाबाई मान वर न करिता म्हणाल्या, "फडताळातून आपणच घेतलीत." पंत म्हणाले, "ऊन फार होते. चावडीपुढे धक्काबुक्की होती." सरसाबाई म्हणाल्या, "होय, आपण तसेच म्हणालात." पंत म्हणाले, "तू काही बोलली नाहीस." तेव्हा सरसाबाईंनी हातातली शेंग खाली ठेविली आणि म्हणाल्या, "आपण विचारले नाहीत. मी न्हाऊन, धुवट लुगडे नेसून बसले होते. आपण परत आलात आणि म्हणालात, झाले, दोन्ही टाकून आलो, पान वाढ. मी पान वाढले." पंत म्हणाले, "तुला लाल मडक्यातच टाकायची नव्हती काय?" सरसाबाई हसल्या, परंतु ते हसणे पंतांस लागले. म्हणाल्या, "ते आता विचारता?" आणि पुन्हा वाल सोलू लागल्या. त्या दिवशी पंत जेवले ते नावापुरतेच. पाठशाळेत धातू चालविताना "टाक" हा धातू आला तेथे अडखळले, आणि शिष्य एकमेकांकडे पाहू लागले.

आठवे दिवशी दरबार भरला. मानकरी, सरदार, कारकून आपापल्या जागी बसले. चिकाच्या पडद्याआड वाड्यातल्या आणि मानकऱ्यांच्या बायका बसल्या. आवडाबाईस शिपायांनी आणून खांबाशी उभे केले. चित्र फळीवर लाविले. आईसाहेब म्हणाल्या, "चित्रार्थी, हात कोणाचा?" पंत उठले. ते चित्राजवळ गेले, आणि फिरून बोलिले, "सरकार, हात माझा." दरबारात हशा उसळला. आईसाहेब हसल्या नाहीत; म्हणाल्या, "नीट सांगा." पंत म्हणाले, "मी नेहमी आधी मोठे काय ते पाहतो. हात मोठा होता, म्हणोन आठ दिवस मी हातच पाहत राहिलो आणि तो कारभाऱ्यांचा की सरदारांचा ऐसा वाद करीत राहिलो. रांगेतल्या बायकांची चिमूट रिकामी आहे हे मी पाहिले, परंतु ती कोणी रिकामी केली हे पुसिले नाही. माझ्या स्त्रीची चिठी मी घेतली, तिला न पुसता लाल मडक्यात टाकिली, आणि घरी येऊन जेवलो. हुजूर, मी व्याकरण सांगतो. कर्ता कोण हे मला कळावयास हवे होते. कौल दिला तिने ऐसे कागदोपत्री आहे आणि दिला मी. हा हात माझ्यासारख्याचा आहे. दुसऱ्या कोणाचा आहे की नाही हे मी सांगणारा कोण? ज्याने त्याने आपली मूठ पाहावी."

तेवढ्यात चिकाआडून कोणी स्त्री हसली, मग दुसरी, मग पुष्कळजणी, आणि बांगड्यांचा आवाज जाहला, आणि मानकरी पगड्या सावरू लागले. दुमाले उठून म्हणाले, "सरकार, पंतांनी घरगुती गोष्ट सांगितली. कारभाऱ्यावर आळ आहे की नाही, इतकाच प्रश्न होता." आईसाहेब म्हणाल्या, "बरे पुसिलेत. दुमाले, आपल्या घरी कौलाच्या चिठ्या किती आल्या?" दुमाले म्हणाले, "नऊ." "मडक्यात कोणी टाकिल्या?" दुमाले बहुत हुशार होते, त्यांस उत्तरे नेहमी तयार असत, परंतु त्यांची आई, त्यांची स्त्री आणि तीन सुना चिकाआड होत्या. त्यांनी खालच्या गालिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सेवकाने." मग आईसाहेबांनी सातपुत्यांकडे पाहिले, आणि सरदारांनी, ज्यांचा आवाज वेशीबाहेर जाई, फक्त बोटे वर करून सात ऐसे दाखविले. तेव्हा आईसाहेब बोलिल्या, "म्हणजे हात कारभाऱ्यांचा आहे, सरदारांचाही आहे, आणि चित्रार्थी यांचाही आहे. खोटा आळ असेल तर शिक्षा, ऐसा कायदा. येथे खोटे काही दिसत नाही. बाईची शिळा मोकळी करा." आणि दुसरा हुकूम केला की, जाहला कौल रद्द, फाल्गुनात पुन्हा घ्यावा, ज्याची चिठी त्याच्याच हातात असावी, आणि जो दुसऱ्याची आणील त्यास चावडीच्या पायरीवरून परत पाठवावे. आणि तिसरा हुकूम केला की, चित्रार्थी हे पद आजपासून राहिले नाही. चित्र ज्याने त्याने पाहावे. पंतांनी शाल उतरून ठेविली आणि मुजरा केला, आणि त्यांस उणे वाटले तैसे सुटल्यासारखेही वाटले.

दरबार उठल्यावर पंतांनी आवडाबाईस वाटेत गाठिले आणि म्हणाले, "बाई, अर्थ बरोबर सांगितला ना?" आवडाबाई रागात होती. म्हणाली, "कसला बरोबर! मी कारभाऱ्याचाच हात काढला होता. त्याच्या माणसांनी तीन वाड्यांच्या चिठ्या गोळा करून नेल्या, मी डोळ्यानं पाहिलं. आठ दिवस जीव मुठीत धरून बसले, आन् तुम्ही उठून म्हणता, हात माझा. चित्र माझं आन् हात तुमचा!" पंत ओशाळून म्हणाले, "मग रांगेत तेरा बायका का काढिल्यास?" ती जाता जाता थांबली, आठवू लागली, आणि म्हणाली, "माझ्या गल्लीतली माणसं काढली. जी दिसली ती काढली." मग म्हणाली, "तेरा होत्या व्हय?" आणि सासूची पेज राहिली होती म्हणोन घाईने निघून गेली.

मग फाल्गुन शुद्ध सप्तमीस कौल पुन्हा जाहला. चावडीपुढे बायकांची रांग ऐसी लागली की देवळापर्यंत वळली. पोरे कडेवर होती, आणि पुरुष बाहेर पिंपळाखाली उभे राहून मानेने खुणा करीत होते, परंतु त्या खुणांकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. दुमालेच कारभारी जाहले. मात्र मागल्या खेपेस सहाशेंनी जाहले होते ते या खेपेस एकोणीस चिठ्यांनी जाहले, आणि त्यानंतर कौलाचा हंगाम नसतानाही ते कधीमधी लोकांच्या ओट्यावर बसलेले दिसत. सरसाबाई धुवट लुगडे नेसून, चिठी मुठीत घेऊन गेल्या आणि उन्हातून परत आल्या. पंतांनी त्या दिवशी आपण होऊन पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "कोणत्या मडक्यात टाकिलीस?" सरसाबाई पाणी प्याल्या, पदराने तोंड पुसिले, आणि म्हणाल्या, "दोन मांडली होती, त्यातल्या एकात." पंत पुढे अकरा वर्षे जगले. त्यांनी वेशीवरली कित्येक चित्रे पाहिली आणि पुसणाऱ्यास आपणास दिसले तेवढे सांगितले. आणि आपली स्त्री मान खाली घालून वाल सोलीत असता तिच्याकडे बहुत वेळ पाहत बसत. परंतु ती चिठी लाल मडक्यात गेली की पिवळ्या, हे त्यांस अखेरपर्यंत उमगले नाही.

सारांश, एका वर्षात दोन कौल जाहले, कारभारी तोच राहिला, चितारीण आपल्या घरी राहिली, एक पदवी गेली आणि एक रांग वाढली. जे कानी आले ते लिहिले, जे कळले नाही त्यावर कल्पना केली नाही. वाचणारांचे कल्याण असो.